फायटरला शेजारी निवडताना

दुकानात ज्याला 'फायटर' म्हणतात तो बेट्टा मासा जन्मभर एकटा राहिला तरी त्याचं काही अडत नाही. 'एकटा कंटाळतो बिचारा' म्हणून शेजारी आणले जातात, आणि महिन्याभरात एक तर त्याच्या शेपटीची लक्तरं होतात नाहीतर शेजारी एकेक करून कमी होतात. भरलेला टँक बघायची हौस आपली असते. हौस जरूर करावी, पण निवड माशाच्या बेताने करावी.

बेट्टाचं मूळ घर म्हणजे थायलंडच्या मधल्या सखल भागातली भातखाचरं, पाट आणि गवताळ उथळ डबकी. थाई लोक त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. तिथे नर पाण्याच्या वरच्या थरात, एखाद्या पानाच्या आडोशाला बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि तेवढी हद्द राखतो. दुसरा नर आला की कल्ले फुगवणं, अंगावर जाणं, दोन-चार चावे, आणि हरलेला गवतात पसार. काचेच्या चौकोनात पसार व्हायला जागाच नसते, त्यामुळे तिथे थोडक्यात मिटणारं भांडण इथे दिवसेंदिवस चालतं. दोन नर एका टँकमध्ये कधीच ठेवायचे नाहीत ते यासाठी. आणि याच कारणाने नरासारखा दिसणारा, म्हणजे रंगीत, लांब शेपटीचा, वरच्या थरात संथ फिरणारा कुठलाही मासा त्याला प्रतिस्पर्धी वाटतो.

दुसरी अडचण माणसाने तयार केलेली आहे. रानातल्या बेट्टाचे पर आखूड असतात. हाफमून, क्राउनटेल, व्हेलटेल या जाती पैदास करणाऱ्यांनी घडवल्या. हाफमून नर स्वतःच्या शेपटीचं ओझं ओढत पोहतो. तो कुणाचा फार पाठलाग करू शकत नाही, पण शेपूट कुरतडणाऱ्यापासून पळूही शकत नाही. प्लाकात जातीचा नर याच्या उलट, आखूड परांचा, चपळ आणि चिकाटीने मागे लागणारा. म्हणून शेजारी निवडताना हाफमूनच्या बाबतीत 'याला कोण त्रास देईल' हा प्रश्न आधी घ्यायचा आणि प्लाकातच्या बाबतीत 'हा कुणाला त्रास देईल' हा.

आधी टँक मोजा

लांबी, रुंदी, उंची इंचात मोजा, गुणाकार करा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. २४ × १२ × १२ इंचांचा नेहमीचा दोन फुटी टँक ५६ लिटरचा भरतो. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास राहतं. हिशेब या दुसऱ्या आकड्यावर करायचा.

वीस लिटरमध्ये बेट्टा आणि फार तर एक गोगलगाय. दीड फुटी टँकमध्ये, म्हणजे चाळीसेक लिटरमध्ये, एकाच छोट्या जातीचा एक थवा बसतो. खरी निवड सुरू होते ती दोन फुटांपासून. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पळणाऱ्याला आडवी जागा लागते. शिवाय बेट्टा श्वासासाठी सारखा वर येतो. त्याच्या कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो आणि त्याने तो थेट हवा घेतो. दीड-दोन फूट खोल पाण्यात हाफमूनची ही ये-जा दमवणारी होते. बारा इंच खोली भरपूर झाली.

झाकण हवंच. बेट्टा उडी मारतो आणि कूली लोच हा गांडुळासारखा तळाचा मासा तर बोटभर फटीतून बाहेर पडतो. पाण्याचा पृष्ठभाग आणि झाकण यांत चार-पाच सेंटिमीटर मोकळी हवा ठेवा.

टँक झाडांनी दाट करा. मोकळ्या टँकमध्ये सौम्य बेट्टाही एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं बघतो आणि सगळंच आपलं समजतो. मधल्या दोन-तीन ठिकाणी नजर अडायला हवी. लाकडाला बांधलेला जावा फर्न आणि अनुबियास, मागच्या काचेला हॉर्नवर्ट, वर तरंगता साल्विनिया एवढ्यावर काम भागतं. तरंगत्या झाडांनी साधारण एक तृतीयांश पृष्ठभाग झाकला की बेट्टाला त्याची हद्द मिळते आणि तो तिथेच रमतो. प्लास्टिकची झाडं घेतलीत तर पातळ मोजा त्यांच्यावरून फिरवून बघा. मोजा अडकला तर शेपूटही अडकणार.

आपल्याकडे यातली एक गोष्ट फुकट मिळते, देशी बदामाचं पान. मुंबई-कोकणात रस्तोरस्ती दिसतो तो छत्रीसारखा पसरलेला बदाम. खायच्या बदामाशी त्याचा संबंध नाही. झाडावरून आपोआप गळलेलं, तपकिरी, वाळकं पान घ्या, फवारणी होत नसलेल्या आवारातलं. धुवा, उकळतं पाणी ओता, आणि तीसेक लिटरला एक या हिशेबाने टाका. पाणी फिकट चहासारखं होतं. उजेड मंदावतो, पाणी किंचित आम्लाकडे झुकतं, आणि पानाच्या आडोशाला तळाचे मासे बसतात. पान जाळीदार झालं की नवं टाकायचं.

पाणी आणि तापमान

बेट्टासाठी २५ ते २७ अंश, पीएच ६.५ ते ७.५. शेजाऱ्याला हेच तापमान बारा महिने मानवलं पाहिजे. ही चाळणी सगळ्यात आधी लावा, अर्धी यादी इथेच गळते. गोल्डफिश थंड पाण्याचा, शिवाय घाण प्रचंड करणारा. झेब्रा डॅनिओ काटक आहे पण त्याला थोडं थंड पाणी आवडतं, आणि त्याची दिवसभराची पळापळ बेट्टाला बेजार करते. निऑन टेट्रा प्रत्येक दुकानात मिळतो, पण २७-२८ अंशांत त्याचं आयुष्य घटतं. त्याच रंगाचा हवा असेल तर कार्डिनल टेट्रा घ्या, तो उबदार पाण्याचाच आहे.

मुंबईत हीटर जेमतेम महिनाभर लागतो. पुणे-नाशिकला हिवाळ्यात रात्री पाणी वीसच्या खाली जातं, तिथे दोन फुटी टँकला ५० वॅटचा हीटर हवा. विदर्भ-खानदेशात प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात पाणी ३२ च्या वर गेलं तर बेट्टा तग धरतो, कोरीडोरा हा तळाशी राहणारा छोटा मिशाळ मासा धरत नाही. पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय तेवढा चालत नाही. काचेला चिकटवायच्या पट्टीचा थर्मामीटर खोलीच्या हवेमुळे चुकू शकतो, पाण्यात बुडणारा घ्या.

घरच्या आरओचं नुसतं पाणी वापरू नका. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे पीएचला आधार उरत नाही आणि तो अचानक कोसळतो. बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात आरओचं पाणी मिसळून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, दीडशे-दोनशेच्या दरम्यान आणलं की बेट्टा आणि थव्याने राहणारा छोटा रासबोरा दोघांचं जमतं. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायचं ते बाटलीवरच्या मापाने, अंदाजपंचे नाही.

फिल्टर स्पंजचा, एअर पंपवर चालणारा. जोरदार धार मारणाऱ्या फिल्टरमुळे हाफमून कोपऱ्यात दबून बसतो आणि मग 'शेजाऱ्यांना घाबरतो' असा आपला गैरसमज होतो. टँक मासे घालण्यापूर्वी चार ते सहा आठवडे चालवा. रोज चिमूटभर खाणं टाका म्हणजे अमोनिया तयार होईल आणि तो पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये वस्ती करतील. थेंबांच्या टेस्ट किटवर अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आले की टँक तयार. एकट्या बेट्टाने चालू असलेल्या टँकमध्ये एकदम चौदा मासे सोडले तर आठवड्याभरात अमोनिया चढतो. मासे मरतात आणि दोष फायटरच्या माथी येतो.

कोण चालतो

बेट्टा वरच्या आणि मधल्या थरात वावरतो. शेजारी खालचा हवा, किंवा मधल्या थरातला असेल तर इतका चपळ आणि इतका साध्या शेपटीचा की बेट्टाला तो ना पकडता येतो ना शत्रू वाटतो.

मधल्या थरासाठी आमची पहिली पसंती हार्लेक्विन रासबोरा. तांबूस अंग, मागच्या अर्ध्यावर काळा त्रिकोण, लांबी चार-साडेचार सेंटिमीटर. मलेशिया, सुमात्रा, दक्षिण थायलंड हा त्याचा मुलूख, म्हणजे पाण्याची आवड बेट्टासारखीच. कमीत कमी आठ घ्या. तीन-चार घेतले तर थवा बनत नाही, घाबरलेले मासे विखुरतात, आणि विखुरलेल्या एकाला बेट्टा हेरतो. आठांचा थवा एकत्र वळतो तेव्हा कुणामागे लागावं हे त्याला कळत नाही आणि दोन दिवसांत तो नाद सोडतो.

एम्बर टेट्रा आणखी लहान, दोन सेंटिमीटरचा, केशरी. दीड फुटी टँकलाही चालतो. फक्त दुकानात मिळणारी एक सेंटिमीटरची पिल्लं बेट्टाच्या तोंडात मावतात, तेव्हा ती दोन महिने वेगळी वाढवून मग सोडा. जायंट बेट्टा असेल तर एम्बरचा विचारच नको.

तळासाठी कूली लोच. गांडुळासारखा लांबोडका, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, रात्री बाहेर पडणारा. उष्ण पाणी याला चालतं, म्हणून आपल्या हवेत तो कोरीडोरापेक्षा सोपा. सहा घ्या, बारीक गोल वाळू द्या, आणि फिल्टरला नळी असेल तर तिच्या तोंडावर स्पंज चढवा, नाहीतर तो आत शिरतो. पहिले दोन-तीन आठवडे एकही दिसला नाही तरी दगड उपसू नका.

कोरीडोरा घ्यायचा तर जात विचारून घ्या. ब्राँझ आणि आल्बिनो थोड्या थंड पाण्याचे. स्टरबाई २८ अंशांपर्यंत खुशाल राहतो, पण सहा सेंटिमीटरचे सहा मासे म्हणजे अडीच-तीन फुटी टँक हवा. दोन फुटी टँकसाठी पिग्मी कोरीडोरा, तोही तुमच्याकडे उन्हाळा सौम्य असेल तर. कुठलाही असो, खाली रंगीत धारदार खडी चालत नाही. वाळू उकरताना मिशा झिजतात आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. कोरीडोराच्या परांना अणकुचीदार काटे असतात, ते जाळीत अडकतात. पकडायचा तर जाळीऐवजी पेला वापरा.

ओटोसिंक्लस हा काचेवरचं शेवाळ खाणारा छोटा मासा स्वभावाने अगदी गरीब, पण काचेवर शेवाळाचा थर नसेल तर उपाशी मरतो. टँक तीन-चार महिने मुरल्याशिवाय आणू नका.

गोगलगायींत नेराइट उत्तम. शेवाळ खाते, आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत. दगडांवर पांढरी अंडी मात्र चिकटवते, ती निघता निघत नाहीत. मिस्ट्री स्नेलच्या लांब मिशा बेट्टाला अळ्या वाटतात आणि तो त्या तोडतो. दोनदा असं झालं की गोगलगाय बाहेर यायचंच बंद करते. मुंबई-पुण्याच्या मऊ नळाच्या पाण्यात शंखावर पांढरे खड्डे पडू लागले तर समुद्रफेनाचा अंगठ्याएवढा तुकडा टाका. पक्ष्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

चेरी श्रिंप, म्हणजे छोटी लाल कोळंबी, आणि बेट्टा ही जोडी दिसायला सुंदर असते, पण पिल्लं हा बेट्टाचा खाऊ आहे हे धरूनच चालायचं. मॉसचे दाट गठ्ठे, दोन महिने आधी सोडलेले वीसेक श्रिंप, आणि शेवटी बेट्टा, असा क्रम ठेवला तर वसाहत टिकते. दहा श्रिंप आणून बेट्टाच्या टँकमध्ये ओतले तर सकाळी मोजायला दोन-तीन सापडतील.

कोण नाही

गप्पी सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात आधी हाच आणला जातो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी पालिका हौदात सोडते ते गप्पी साधे, करडे असतात. दुकानातल्या नराची पंख्यासारखी रंगीत शेपूट म्हणजे बेट्टाला चक्क आव्हान. शिवाय गप्पी आणि मॉली यांना जड पाणी लागतं आणि त्यांची पिल्लं थांबत नाहीत.

गुरामी बेट्टाच्याच कुळातला आहे. तोही वरच्या थरात राहतो, तोही बुडबुड्यांचं घरटं करतो, तोही हद्द राखतो. ड्वार्फ गुरामी, हनी गुरामी, नावात काही नाही.

टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा शेपूट कुरतडण्यात पटाईत. विडो टेट्राही त्यातलाच. हा काळा-राखाडी मासा हल्ली चमकत्या गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांतही मिळतो. रंग कुठलाही असो, दात तेच. केरळातला पी पफर नखाएवढा गोंडस दिसतो आणि हाफमूनची शेपूट एका रात्रीत खलास करतो.

'शार्क' म्हणून विकलं जाणारं काळं पिल्लू बहुधा पंगासचं असतं, ते मोठं होऊन मीटरभर लांब होतं. 'काच साफ करतो' म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फिश दीड फुटांपर्यंत वाढतो. वाढला की लोक नदी-तलावात सोडतात, आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. भारतातल्या बऱ्याच जलाशयांत तो असाच पसरला आहे. नकोसा झालेला कुठलाही मासा विसर्जन करू नका, दुकानदाराला परत द्या.

एंजेल, सिक्लिड, फ्लॉवरहॉर्न, खेकडे, क्रेफिश यांवर वेळ घालवायची गरज नाही.

आणि मादी? नर-मादी एकत्र फक्त पैदाशीपुरते, तेही डोळ्यासमोर. पाच-सात माद्यांचा टँक काही लोक चालवतात. ऐंशी-शंभर लिटर, जंगलासारखी झाडं, एकाच वेळी सोडलेल्या बहिणी, एवढं जमवूनही तो सहा महिन्यांनी अचानक बिघडतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

या बेट्टाचा स्वभाव

यादीत 'चालतो' लिहिलेला मासाही एखाद्या बेट्टाला चालत नाही. एकाच पैदाशीतले दोन भाऊ वेगळे निघतात. आरसा दाखवून काही कळत नाही, आरशापुढे जवळपास सगळेच फुगतात. त्याऐवजी मोठ्या पारदर्शक बरणीत टँकचंच पाणी भरून दोन-तीन रासबोरा त्यात ठेवा आणि ती बरणी वीस मिनिटं टँकमध्ये बुडवून उभी करा. बेट्टा आला, फुगला, एक-दोनदा धडकला आणि मग आपल्या पानाखाली परत गेला तर पुढे जायला हरकत नाही. वीस मिनिटं सतत काचेवर डोकं आपटत राहिला आणि पुढ्यात टाकलेल्या दाण्याकडेही बघितलं नाही, तर तो एकटाच बरा. त्याला एक नेराइट द्या आणि विषय संपवा.

दोन फुटी टँक, टप्प्याटप्प्याने

गृहीत धरूया, टँक मुरलेला आहे, झाडं दाट आहेत, तापमान २६. ठेवायचे आहेत एक हाफमून नर, आठ हार्लेक्विन, सहा कूली लोच आणि एक नेराइट. याहून जास्त नाही.

खरेदीआधी दहा लिटरचा प्लास्टिकचा डबा, वेगळा छोटा स्पंज फिल्टर आणि त्यासाठी झाकण तयार ठेवा. हा डबा आधी नव्या माशांना वेगळं ठेवायला आणि नंतर न जमलेल्याला बाहेर काढायला लागतो. हा खर्च जड वाटत असेल तर शेजाऱ्यांचा बेत पुढे ढकला.

मासे शक्यतो वर्दळीच्या जागेवरून घ्या. मुंबईत कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी माल लवकर बदलतो, तेव्हा आजच उतरलेले मासे घेऊ नका. चार-पाच दिवस तिथे टिकलेले मागा आणि खाणं टाकून दाखवायला सांगा. त्या टाकीत एक जरी मासा अंगावर मिठाचे कण पडल्यासारखा दिसला तरी परत फिरा.

प्रत्येक तुकडी दोन ते तीन आठवडे डब्यात. पांढरे ठिपके आणि शेपूट सडणं सहसा या मुदतीत उघड होतं. आधी कूली लोच, त्यांची मुदत संपली की हार्लेक्विन. दोन तुकड्यांत जिवाणूंना वाढायला वेळ आपोआप मिळतो. बेट्टा सगळ्यात शेवटी. तो आधीपासून टँकमध्ये असेल तर शेजारी सोडायच्या सकाळी त्याला डब्यात काढा, लाकूड-दगड हलवून मांडणी बदला, शेजाऱ्यांना दिवसभर रुळू द्या आणि संध्याकाळी त्याला परत आणा. हद्दीच्या खुणा बदललेल्या असल्या की त्याला नव्याने जागा शोधावी लागते आणि तेवढ्यात बाकीचे स्थिरावतात.

सोडताना पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी तिच्यात घाला, असं पाच-सहा वेळा. मासा जाळीने किंवा पेल्याने उचलून टँकमध्ये. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. दिवा बंद.

पहिले दोन तास समोर बसा. कल्ले फुगवणं, थोडं अंगावर जाणं चालेल. एकाच माशाच्या मागे न थांबता लागणं, त्याला कोपऱ्यात दाबणं, खवले निघणं, हे चालणार नाही. चोवीस तासांनंतरही पाठलाग सुरूच असेल तर बेट्टाला आठवडाभर डब्यात ठेवून एकदा पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्यांदा तेच झालं तर तिसरा प्रयत्न नको.

खाणं

भांडणाइतकेच मासे खाण्याच्या घोळाने जातात. बेट्टाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, पण तो स्वतःचं संपवून रासबोराचं आणि मग लोचच्या वड्याही खातो. पोट फुगतं, तो तिरका पोहू लागतो.

उपाय वेळ आणि जागा वाटून घेण्याचा. बेट्टाला रोज एकाच कोपऱ्यात, तरंगत्या झाडांपाशी, तीन-चार दाणे, सकाळ-संध्याकाळ. तो खाण्यात गुंतला की टँकच्या दुसऱ्या टोकाला रासबोरासाठी चुरा, एका मिनिटात संपेल एवढाच. लोचच्या बुडणाऱ्या वड्या दिवा बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी, वाळूवर पसरून. अंधारात बेट्टा शोधत बसत नाही. आठवड्यातून एक दिवस कुणालाच काही नाही. ट्यूबिफेक्स नावाचे जिवंत बारीक किडे स्वस्त पडतात पण घाणीत वाढलेले असतात आणि रोग आणतात. त्यापेक्षा गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, आठवड्यातून दोनदा.

शेपटीवरून काय कळतं

शेपूट फाटली म्हणजे शेजाऱ्याचीच करणी, असं नाही. टॉर्च घेऊन कड बघा. रात्रीतून अर्धगोल तुकडे गेले आहेत आणि कड स्वच्छ आहे, जागा दोन-तीन आहेत, तर कुणीतरी कुरतडतंय. मोठा एकच घास गेल्यासारखा तुकडा, तोही शेपटीच्या टोकाचा, आणि शेजारी सगळे लोचसारखे गरीब, तर तो स्वतःच चावतोय. हाफमूनमध्ये हे पुष्कळ दिसतं. पाण्याचा प्रवाह कमी करून बघा. एक सरळ चीर, बाकी सगळं जागच्या जागी, म्हणजे काहीतरी टोचतंय. आणि कड काळपट किंवा लालसर, भुरभुरीत, दिवसागणिक आत सरकणारी असेल तर ती सड. ती बहुतेक वेळा पाण्याच्या दुर्लक्षाने होते. पहिल्या तिन्हींत रोज २० टक्के पाणी बदललं तर कडेला पारदर्शक नवी वाढ आठ-दहा दिवसांत दिसते.

सडीला औषध द्यायचं तर बेट्टाला डब्यात काढून द्या. दर लिटरला १ ग्रॅम साधं खडेमीठ बेट्टाला आठवडाभर सोसतं. लोच, कोरीडोरा आणि झाडांना ते सोसेलच असं नाही. कॉपर असलेलं औषध गोगलगाय आणि श्रिंप दोघांनाही मारतं. लेबल वाचल्याशिवाय मुख्य टँकमध्ये एक थेंबही नको.

वीज गेली की

बेट्टा वरची हवा घेतो, त्यामुळे पंप चार तास बंद असला तरी तो टवटवीत दिसतो. त्याच्याकडे बघून निश्चिंत राहू नका. रासबोरा वर येऊन तोंड उघडझाप करू लागले म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. भारनियमन असलेल्या गावात पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. तो नसेल तर मगने टँकचंच पाणी उचलून फूटभर उंचीवरून परत ओतत राहा, दर दहा मिनिटांनी वीसेक मग. त्या वेळी खाणं अजिबात टाकू नका.

दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला, नव्या पाण्याचं तापमान एका अंशाच्या फरकात ठेवून. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या जुन्याच पाण्यात दोनदा पिळून. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

बेट्टा साधारण दोन ते चार वर्षं जगतो, आणि दुकानात येतो तेव्हाच त्यातले सहा-आठ महिने संपलेले असतात. कूली लोच दहा वर्षंही काढतो. म्हणजे एक दिवस शेजारी राहतील आणि जागेचा मालक जाईल. नवा बेट्टा आणताना बरणीची चाचणी उलटी करा. दोन-तीन आठवडे डब्यात राहिलेल्या नव्या नरालाच बरणीत घालून रुळलेल्या थव्यासमोर ठेवा. जुने हार्लेक्विन आता त्या टँकचे मालक असतात. कधीकधी तेच नव्याच्या शेपटीला चोच मारायला येतात, आणि मग तुमच्या त्या टँकमध्ये हाफमूनऐवजी प्लाकात आणावा लागतो.